बन्सी, खपली आणि गव्हाचा कस

बुलढाणा जिल्ह्यात काळ्या रानातला कोरडवाहू गहू म्हणजे बन्सी. पावसाळ्यात मुरलेली ओल आणि हिवाळ्यातली थंडी, एवढ्यावर तो पिकतो. माझ्या आजोळी, मेहकरकडे, रव्याला आणि शेवयांना बन्सीच लागे. खिरीसाठी कुणी सांगलीकडून खपली आणली तर तिचे कोण कौतुक! खपलीचे टरफल मळणीत सुटत नाही, ती कांडावी लागते. ती मागे पडण्याचे हेही एक कारण.

पण हीच खपली जगभर फिरून आली आहे. १९२२मध्ये अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला. त्यातल्या एकाचे नावच ‘खपली’. पुढे सिडनीत वॉटरहाउस यांनी तिचा स्टाइनवेडेल गव्हाशी संकर करून ‘खपस्टाइन’ निर्माण केला. मराठी शब्दाचे असे बारसे दुसरे मला ठाऊक नाही.

हे झाले रोगाचे. कसाचे काय? पुसा येथील हॉवर्ड पती-पत्नींचा हिंदुस्थानातील गव्हावरचा ग्रंथ १९०९चा. गव्हाच्या प्रतीचा त्यांनी कसून विचार केला, पण तिची कसोटी मुख्यतः विलायतेतल्या गिरणीवाल्याची आणि पाववाल्याची होती. शेवया वळणारीला कुणी विचारले नाही.

त्याआधी तीनच वर्षे, १९०६मध्ये, आरॉनसोन यांना पॅलेस्टाइनात रोश पिना येथे खपलीचा रानटी पूर्वज सापडला होता. त्याच्यातला कसाचा जनुक नेमका हाती लागायला १०० वर्षे गेली. २००६मध्ये उआवी, दुब्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तो वेगळा केला. हा जनुक पाने लवकर पिकवतो आणि त्यांतले नत्र, जस्त व लोह दाण्यात उतरवतो. तपासलेल्या बहुतेक खपली नमुन्यांत तो शाबूत निघाला; बन्सी ज्या वर्गात मोडतो त्या ड्यूरम वाणांत मात्र निकामी.

रानटी गहू आणि बन्सी या दोघांतही गुणसूत्रे २८, त्यामुळे सोयरीक सरळ जुळते. संसार अवघड. रानटी ओंबी पिकली की आपोआप झडते, आणि तो अवगुण काढायला पिढ्यान्‌पिढ्या बन्सीशीच पुन्हा संकर करावा लागतो. शिवाय पान लवकर वाळले की दाणा बारीक राहण्याचा धोका. बागायती पंजाबात हे महागात पडेल. आमच्याकडे फेब्रुवारीचे ऊन पान तसेही वाळवतेच. म्हणून हा प्रयोग कोरडवाहूतच करून पाहावा, असे मला वाटते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सीच्याच कुळातला, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कोरडवाहूसाठीचा वाण. त्यात प्रथिने १४.७ टक्के आहेत आणि हेक्टरी सरासरी उत्पादन १९.३ क्विंटल. बाजार समितीत अडत्या मात्र गहू ओंजळीत घेतो, चमक पाहतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो आणि भाव सांगतो. त्या भावात जस्त-लोहाचा एक पैसाही नसतो.