त्सांगपोची निदरी व पूर्व हिमालयाचे उत्थान
तिबेटात त्सांगपो या नावाने पूर्वेस वाहणारी ब्रह्मपुत्रा हिमालयाच्या पूर्व टोकाशी नामचा बारवा (७,७८२ मी.) व ग्याला पेरी (७,२९४ मी.) या शिखरांमधील अतिशय खोल निदरीत शिरते आणि मोठे वळण घेऊन अरुणाचल प्रदेशात सियांग (दिहांग) म्हणून उतरते. ही शिखरे परस्परांपासून सु. २० किमी. अंतरावर आहेत. एवढा उंच पर्वत ओलांडून नदी पलीकडे कशी गेली, हा भूरूपविज्ञानातील जुना प्रश्न होय.

त्सांगपो व ब्रह्मपुत्रा एकच, हे ठरण्यासही बराच काळ लागला. १८८० मध्ये सिक्कीमच्या किंथुप या निरक्षर सर्वेक्षण-सहायकास एका लामासमवेत तिबेटात धाडण्यात आले. लामाने त्यास गुलाम म्हणून विकले. तेथून निसटून त्याने खुणा केलेले ५०० ओंडके, रोज ५० याप्रमाणे, नदीत सोडले. परंतु त्याचे पत्र न पोहोचल्याने ते पाहण्यास आसामात कोणीच नव्हते. १८८४ मध्ये तो परतला, तेव्हा त्याच्या कथनावर फारसा विश्वास ठेवण्यात आला नाही. १९१३ मध्ये बेली व मोर्सहेड यांनी निदरीचा मोठा भाग पायी पाहिला. किंथुपचे वर्णन बहुतांशी खरे ठरले. त्याच्या नावावरील प्रचंड धबधबा हा टिपण घेताना झालेला घोटाळा होता.

नदी आधीची व पर्वत नंतरचा, म्हणजे पर्वत वर येत असता नदी आपले पात्र कापीत राहिली, ही ‘पूर्ववर्ती नदी’ची कल्पना पॉवेल यांनी १८७५ मध्ये अमेरिकेतील ग्रीन नदीवरून मांडली. ग्रीन नदीस ती लागू पडत नाही, असे पुढे दिसून आले; हिमालयात मात्र ती टिकली. वेजर यांनी १९३७ मध्ये नेपाळमधील अरुण नदीच्या अभ्यासातून आणखी एक पाऊल टाकले. दऱ्या खोदल्या गेल्याने भूकवचावरील भार घटतो व समस्थायित्वामुळे उरलेली शिखरे अधिक उंचावतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

नामचा बारवाचे खडक भूवैज्ञानिक मानाने अगदी अलीकडे खोलीतून वर आले आहेत. नदीच्या तीव्र झिजेमुळेच तेथील उष्ण व दुर्बल कवच वर ओढले जाते, असे मत २००१ मध्ये पुढे आले. नदी व उत्थान येथे परस्परांस पोसतात, असा त्याचा आशय. २०१४ मध्ये याला आव्हान मिळाले. निदरीच्या वरच्या अंगास पात्रात घेतलेल्या वेधनछिद्रांत ५०० मी. हून जाड गाळाखाली एक जुनी खोल दरी आढळली. सु. २० ते २५ लक्ष वर्षांपूर्वी नामचा बारवा वर येऊ लागला, त्यामुळे मागील दरी गाळाने भरली व पुढील उतार तीव्र झाला, असा निष्कर्ष निघाला. त्यानुसार निदरीचा तीव्र उतार हा उत्थानाचे कारण नसून परिणाम ठरतो. वाद अद्याप मिटलेला नाही. झीज उत्थान सुरू करीत नसली, तरी ते टिकवू शकते, ही शक्यता उरतेच.

ब्रह्मपुत्रेच्या गाळाचा फार मोठा वाटा या लहानशा टापूतून येतो. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात सियांगलगतच्या प्रदेशात दरडींनी नद्या अडविल्या आणि दिब्रुगढजवळ पात्र उथळ झाले. याच वळणाच्या उताराचा उपयोग करणाऱ्या प्रचंड जलविद्युत् प्रकल्पाचे काम चीनने जुलै २०२५ मध्ये सुरू केले.