बालकांतील पक्षाघात आणि मानेतील धमनीची इजा : एका निदानाचा इतिहास

प्रस्तावना
पक्षाघात हा उतारवयाचा आजार होय, ही समजूत समाजात आणि वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ रूढ होती. वास्तविक मानेतील धमनीला इजा झाल्यास धडधाकट बालकासही तो होऊ शकतो. हे कारण उशिरा का ओळखले गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

इजेचे स्वरूप
दोन कॅरोटिड व दोन व्हर्टिब्रल अशा चार धमन्या मानेतून मेंदूस रक्त पुरवितात. मान जोराने मुरगळल्यास किंवा तिच्यावर आघात झाल्यास धमनीचे आतील अस्तर फाटू शकते. तेथे रक्ताची गुठळी होते व तिचे तुकडे मेंदूकडे वाहत जातात. या क्रियेस काही तास, कधी काही दिवसही लागतात. तोवर मूल खेळत असते आणि पडल्याचा प्रसंग घरातील माणसे विसरून गेलेली असतात.

ऐतिहासिक वाटचाल
इ.स. १८७२ मध्ये फ्रेंच शल्यविशारद व्हेर्नय यांनी आघातामुळे कॅरोटिड धमनी बंद झाल्याची नोंद केली. विल्यम ऑस्लर (१८८९) तसेच सिग्मंड फ्रॉइड व ऑस्कार री (१८९१) यांनी मुलांच्या अर्धांगवायूवर ग्रंथ लिहिले. परंतु त्यांच्या अभ्यासाचा भर मेंदूवर होता. शवविच्छेदनातही मानेतील धमन्या सहसा तपासल्या जात नसत.

१९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेतले. १९५१ मध्ये मिलर फिशर यांनी अनेक पक्षाघातांचे मूळ मानेत असते, हे दाखवून दिले. १९६६ मध्ये पिटनर यांनी तोंडातील जखमेनंतर कॅरोटिड धमनीत होणाऱ्या गुठळीकडे लक्ष वेधले. तोंडात पेन्सिल किंवा काठी धरून मूल पडले, तर टाळूची जखम किरकोळ दिसूनही घशामागील धमनी चेपली जाते. २००१ मध्ये हेदर फुलर्टन व सहकाऱ्यांनी प्रकाशित नोंदींतून ११८ रुग्णांची माहिती संकलित केली. त्यांत मुलींपेक्षा मुलग्यांचे प्रमाण अधिक आढळले.

समारोप
धमनी डोळ्यांना दिसू लागली, तेव्हाच हे निदान शक्य झाले. तथापि चित्रण कोठे करावयाचे, हे पूर्वेतिहासच सांगतो. मान दुखणे, डोके दुखणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसताच मागील काही दिवसांतील पडझडीची चौकशी करणे आणि मूल तातडीने रुग्णालयात नेणे अगत्याचे आहे. विस्मरणात गेलेली क्षुल्लक इजाच येथे निदानाचा पहिला दुवा ठरते.