मगरध्वज जोगी ७००

मार्कंड्याच्या देवळाशी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे: स्मारकाची नासधूस करणाऱ्याला शिक्षा होईल. ती वाचा आणि वैनगंगेच्या काठाने वर्षे मागे टाकत चालू लागा.

१९८२. २६ ऑगस्टला जिल्हा वेगळा झालाय. चामोर्शीच्या रस्त्यावर पेंटर ‘जि. चंद्रपूर’वर पांढरा हात मारून ‘जि. गडचिरोली’ लिहितोय. दोन पावसाळ्यांत एकाच पाटीवर दोन्ही जिल्हे दिसतील. असू द्या, पुढे चला.

१८७०चे दशक. अलेक्झांडर कनिंगहॅम देवळे मोजतोय. दगडावर एक नाव आहे: मगरध्वज जोगी ७००. हेच नाव बिल्हारीला, हेच भोरमदेवला. राजाचे दान नाही, देवाची स्तुती नाही. नाव आणि आकडा, बस्स. हसू येतेच. कोणी म्हणते, ७०० हे चेदी संवताचे वर्ष, म्हणजे इसवी सन ९४८च्या आसपास. पण भोरमदेवचे देऊळ त्यानंतरचे. न बांधलेल्या देवळावर सही कोण करणार? आकडा सोबतच्या चेल्यांचा, हा दुसरा अर्थ मला मनापासून पटतो. तेव्हा आता शेवटची उडी घ्या, त्या सातशेंत.

पहाट. अंगाला राख, टाचांना भेगा. सातशे जण नदीत उतरतात. तुमची पाळी येईतो पाणी गढूळ झालेले. गाव धास्तावलेले आहे: एवढ्या जणांना भात कुठून पुरवायचा? तरी एक म्हातारी तुमच्या हातावर मूठभर पोहे ठेवते. “कोन्त्या गावचे जी तुमी?” तुम्हाला गावाचे नाव पटकन आठवत नाही. गोरखाच्या वाटेला लागल्यावर घरचे नावही गेले, आता गुरूचे तेच तुमचे.

देवळात टाकी वाजतेय. गुरूचे नाव कोरून झाले. कारागीर उठू लागतो, तसा गुरू आवाराकडे हात करतो: “आणि हे?”

“इतकी नावे कुठं मावतील, महाराज? आकडा घालतो.”

सात. शून्य. शून्य. तुम्ही गर्दीतून पुढे घुसता, दगडावर वाकता. “यात मी कोणता?”

कारागीर जराही न हसता शेवटच्या शून्यावर बोट ठेवतो. बाहेर शंख फुंकलाय. पुढचे देऊळ गाठायचे तर उन्हाआधी निघायला हवे.