ठोके मोजावेत की काम?

संगणकाच्या दुकानात गेलात की विक्रेता पहिल्या दमात एक आकडा सांगतो. हा अमुक गिगाहर्ट्झचा, तो तमुक गिगाहर्ट्झचा. आपण मान डोलावतो, मोठा आकडा तो चांगला असा हिशेब मनाशी करतो आणि पैसे मोजतो. शाळेसाठी किंवा गावच्या सोसायटीसाठी संगणक घेतानाही पुष्कळदा हेच घडते. पैसा लोकवर्गणीचा नाहीतर अनुदानाचा असतो, आणि एकदा घेतलेले यंत्र वर्षानुवर्षे चालवायचे असते. म्हणून या आकड्याचा इतिहास आपण समजून घ्यावा. त्याच्या पायी मोठमोठ्या कंपन्यांनीही हात पोळून घेतले आहेत.

प्रथम हा आकडा म्हणजे काय, ते पाहू. संगणकात हिशेब करणारा जो मुख्य भाग असतो त्याला प्रोसेसर म्हणतात. त्याचे सारे काम एका ठेक्यावर चालते. सेकंदाला १० लाख ठोके म्हणजे १ मेगाहर्ट्झ, आणि १०० कोटी ठोके म्हणजे १ गिगाहर्ट्झ. पण ठोका म्हणजे काम नव्हे, बरं का! आपल्यापैकी जुन्या मंडळींनी विहिरीवर मोट चालताना पाहिली असेल. तासाभरात मोटेच्या खेपा किती झाल्या, एवढे विचारून पाणी किती निघाले ते कळत नाही. मोट केवढी आहे, हेही विचारावे लागते. आणि भिजवायचे शेत केवढे, ते विचारल्यावाचून भिजवण कधी संपेल ते सांगता येत नाही. प्रोसेसरचेही तसेच आहे. सेकंदाला ठोके किती, दर ठोक्याला काम किती, आणि ठरलेले काम उरकायला त्या प्रोसेसरला आज्ञा किती द्याव्या लागतात, या तीन गोष्टी मिळून वेग ठरतो. विक्रेता यांतली पहिलीच तेवढी सांगतो.

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेतील इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ नावाचा प्रोसेसर काढला. त्याचाच धाकटा भाऊ ८०८८ हा आय. बी. एम. कंपनीने १९८१ साली आपल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये बसवला. त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. माल एकाच कारखान्यावर अवलंबून राहू नये म्हणून आय. बी. एम.ने दुसरा पुरवठादार मागितला, आणि त्यातून ए. एम. डी. या कंपनीला हेच प्रोसेसर बनवण्याचा परवाना मिळाला. पुढे इंटेलने १९८५ सालच्या ८०३८६ची विद्या देण्याचे नाकारले. दोघांचे कोर्टकज्जे झाले. अखेर १९९१ साली ए. एम. डी.ने आपला ३८६ बाजारात आणला. अशी ही एकाच भाषेत आज्ञा घेणाऱ्या दोन घराण्यांची भाऊबंदकी सुरू झाली.

तिसरे घराणे वेगळ्या विचाराचे होते. अमेरिकेत आय. बी. एम.चे जॉन कॉक, बर्कलेचे डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डचे जॉन हेनेसी यांनी असे मांडले की, प्रोसेसरला लांबलचक, गुंतागुंतीच्या आज्ञा देण्यापेक्षा थोड्या आणि साध्या आज्ञा द्याव्यात, म्हणजे तो त्या झपाट्याने उरकतो. या विचारातूनच आय. बी. एम., मोटोरोला आणि अ‍ॅपल यांच्या १९९१ सालच्या युतीने पॉवर-पीसी हा प्रोसेसर घडवला. १९९४पासून तो अ‍ॅपलच्या संगणकांत बसू लागला.

इकडे इंटेलने १९९३ साली पेंटियम काढला. त्याच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा होता ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. पुढे ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी ए. एम. डी.ने विकत घेतली, आणि १९९७ सालच्या ए. एम. डी.च्या के-६ या प्रोसेसरमागेही धाम होते. एकाच माणसाचा हात दोन्ही घराण्यांना लागला, तो असा.

मार्च २००० मध्ये ए. एम. डी.ने १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला आणि दोनच दिवसांनी इंटेलनेही १ गिगाहर्ट्झ गाठला. हरलेल्याला ते लागणारच! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंटेलचा पेंटियम-४ आला तो एकदम १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. पण नवल असे की, काही चाचण्यांत १ गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम-३ त्याच्या पुढे गेला. असे का व्हावे?

बांधकामावर माणसे रांगेत उभी राहून घमेली पुढे देतात, ते आठवा. रांगेत माणसे वाढवली की प्रत्येकाला थोडेच वळावे लागते आणि हात भरभर चालतात. पेंटियम-३मध्ये ही रांग १० टप्प्यांची होती. इंटेलने ती पेंटियम-४मध्ये २० टप्प्यांची केली. त्यामुळे ठोके वाढले. पण मध्येच वरून गवंडी ओरडला, "वाळू नको, विटा पाठवा," तर रांगेतली सगळी घमेली वाया जातात. रांग जितकी लांब, तितकी नासाडी मोठी. संगणकाच्या कामात 'असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर' असे फाटे पावलोपावली येतात. कोणत्या फाट्याने जायचे याचा प्रोसेसर आधीच अंदाज बांधतो, आणि तो अंदाज चुकला की रांग पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते.

ए. एम. डी.पुढे आता निराळाच पेच पडला. आपला प्रोसेसर काम जास्त करतो, पण आकडा लहान दिसतो. गिऱ्हाईक कसे पटणार? ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांनी अ‍ॅथलॉन एक्सपी काढला आणि त्याला गिगाहर्ट्झऐवजी १८००+ अशी नावे दिली. या १८००+चा खरा ठोका होता १.५३ गिगाहर्ट्झ. त्याच वर्षी अ‍ॅपलनेही जाहीर सभेत आपला ८६७ मेगाहर्ट्झचा जी-४ आणि १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ शेजारी-शेजारी चालवून दाखवला. छायाचित्रे सुधारण्याच्या कामात जी-४ पुढे गेला. मात्र ते काम अ‍ॅपलनेच निवडले होते, हेही विसरू नये. कुस्ती स्वतःच्या आखाड्यात आणि पंचही स्वतःचाच, असा तो मामला.

इंटेल मात्र आकड्यामागे धावतच राहिली. २००४ साली तिने ती रांग ३१ टप्प्यांपर्यंत लांबवली. प्रोसेसर तापू लागले. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ काढण्याचा बेत ऑक्टोबर २००४ मध्ये सोडून द्यावा लागला, आणि ही जात ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. शेवटी इंटेलने आपला मार्गच बदलला. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर-२ ड्युओचे ठोके ३ गिगाहर्ट्झच्याही खाली होते, तरी ३.८वाल्या पेंटियम-४ला त्याने मागे टाकले, आणि वीजही कमी घेतली.

अ‍ॅपलचे काय झाले म्हणाल, तर तिच्या जी-५ या प्रोसेसरला ठरल्या वेळेत ३ गिगाहर्ट्झ गाठता आले नाहीत, आणि तो मांडीवरच्या संगणकात बसवता आला नाही. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने इंटेलकडे जाण्याचे जाहीर केले. कारण दिले ते एका वॅटमागे मिळणाऱ्या कामाचे. ठोक्यांवरून वाद घालणारी मंडळी आता विजेच्या हिशेबावर आली होती.

ज्या ए. एम. डी.ने हा धडा जगाला दिला, तीच पुढे तो विसरली. २०११ साली आलेल्या तिच्या बुलडोझर या रचनेत ठोके वाढले, पण दर ठोक्याचे काम घटले. त्याच कुळातला ५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर तिने २०१३ साली मिरवला. त्याच्यासाठी २२० वॅटची तजवीज करावी लागे. इंटेलचा ८४ वॅटचा आणि ४ गिगाहर्ट्झच्याही आतला प्रोसेसर बहुतेक कामांत त्याच्या पुढे होता. ए. एम. डी. सावरली ती मार्च २०१७ मध्ये रायझेन आणून. दर ठोक्याला पूर्वीपेक्षा ५२ टक्के जास्त काम होते, असे तिने तेव्हा सांगितले. ठोक्यांऐवजी कामाची टक्केवारी सांगण्याची पाळी आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आणि २०२० साली अ‍ॅपलने इंटेललाही निरोप देण्यास सुरुवात केली. तिच्या एम-१ या प्रोसेसरची आज्ञांची भाषा आर्म नावाची. ती इंग्लंडातील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांच्या हातून १९८५च्या सुमारास जन्मली होती. साध्या आज्ञा आणि कमी वीज ही तिची ख्याती. म्हणून तर ती आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही आहे.

मग शाळेने काय करावे? एकाच घराण्याच्या, एकाच पिढीच्या दोन प्रोसेसरांत ठोक्यांची तुलना बरीचशी खरी ठरते. घराणे किंवा पिढी बदलली की ती लंगडी पडते. म्हणून दुकानात आपली फाइल घेऊन जावे. निकालाचा मोठा तक्ता, चित्रांचा धडा, जे काम रोज करायचे तेच दोन्ही यंत्रांवर चालवावे आणि हातातल्या घड्याळाने वेळ मोजावा. आपले जुने प्रोग्राम चालतात का, तेही बघावे. आणि यंत्र किती वॅट खाते हे विचारावे, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ते किती वेळ तग धरेल, हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे.

शिक्षकांनी वर्गात एक उदाहरण घालावे. एक गडी मिनिटाला ३० खेपा करतो आणि खेपेला २ विटा नेतो; दुसरा २५ खेपा करतो आणि खेपेला ३ विटा नेतो. ६०० विटा आधी कोण हलवील? मुले बोटांवर मोजून सांगतील, की पहिल्याला १० मिनिटे आणि दुसऱ्याला ८. हा गुणाकार ज्या मुलाला समजला, त्याला दुकानातला आकडा सहसा फसवणार नाही.