फलकामागची पेटी

बीजिंगच्या राजवाड्यात चियानचिंग महालातल्या सिंहासनाच्या वर, शुन्झी सम्राटाच्या अक्षरातला एक फलक आहे. 1723 मध्ये योंगझेंग सम्राटाने सरदार-मंत्र्यांना या महालात बोलावलं, वारसाचं नाव स्वतः लिहून पेटीत बंद केलं आणि पेटी फलकामागे ठेवायला लावली. त्याच्या शब्दांत, राजवाड्यातली सगळ्यांत उंच जागा ती. त्याच नावाचा दुसरा कागद त्याने स्वतःकडे ठेवला, वेळ आली की दोन्ही ताडून बघता यावेत म्हणून.

एवढी खबरदारी का, ते त्याच्या वडिलांच्या, कांग्शी सम्राटाच्या, अखेरच्या वर्षांत दिसतं. चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंमध्ये गादीवर कोण, हे सरदार मिळून ठरवत. कांग्शीने ती रीत मोडून 1675 मध्ये आपल्या मुलाला, यिनरेंगला, जाहीरपणे युवराज केलं, तेव्हा पोर जेमतेम दीड वर्षाचं. पोर वाढलं तसा त्याच्याभोवती दुसरा दरबार वाढला, आणि म्हातारा गादी सोडायला तयार नाही! 1708 मध्ये शिकारीच्या मुक्कामावर कांग्शीने सगळ्यांदेखत गाऱ्हाणं मांडलं: हा रात्री माझ्या तंबूजवळ येतो, फटीतून आत डोकावतो. बोलताना त्याला रडू आवरेना. यिनरेंगचं पद गेलं, वर्षभरात परत मिळालं, 1712 मध्ये कायमचं गेलं. मग भावाभावांत जी जुंपली ती 1722 मध्ये बाप गेल्यावरही थांबली नाही. गादी मिळाली चौथ्या मुलाला, योंगझेंगला. त्याने ती लबाडीने बळकावली ही वदंता इतकी पसरली की ती खोडून काढायला खुद्द सम्राटाला पुस्तक छापावं लागलं.

पेटीमुळे कारस्थानं संपली नाहीत. नेमके कुणाचे पाय धरायचे हे मात्र खुशामतखोरांना कळेनासं झालं, आणि तेवढंही पुष्कळ होतं. शिवाय नाव गुपचूप बदलता येई. योंगझेंगनंतर आलेल्या चियानलोंग सम्राटाने आधी निवडलेला मुलगा 1738 मध्ये वारला. 1773 मध्ये त्याने दुसरं नाव ठेवलं, ते उघड केलं थेट 1795 मध्ये.

पुढे दाओगुआंग सम्राटाने मात्र एक विचित्र गोष्ट केली. 1850 मध्ये त्याची पेटी उघडली तर आत दोन मुलांची नावं: चौथा यीझू युवराज, सहावा यीशिन पहिल्या दर्जाचा राजपुत्र. धाकट्याची समजूत काढायची होती म्हणावं, तर ती निघाली नाही. 1861 मध्ये यीझू वारला तेव्हा त्याचा एकुलता मुलगा पाच वर्षांचा होता. यीशिनने विधवा राण्यांशी, म्हणजे मुख्यतः त्सीशीशी, संधान बांधलं आणि यीझूने नेमलेले आठही कारभारी उलथवले. पुढे त्या मुलाला मूल झालं नाही. त्यानंतरचे वारस त्सीशीने स्वतः निवडले, पेटीची गरजच उरली नाही.