घरातील दप्तर

घर आणि कचेरी यांच्यामध्ये उंबरठा असावा, ही गोष्ट आपण नोकरदार मंडळी स्वयंसिद्ध समजतो. वस्तुतः महाराष्ट्रातील गावांत ती फार जुनी नाही. पेशवाईत गावचा हिशेब लिहिणारा जो कुलकर्णी, त्याला स्वतंत्र कचेरी नसे. चावडी होती; तेथे पाटलासमक्ष वसूल होई, तंटे निघत. परंतु दप्तराची जागा म्हणजे त्याचे राहते घर. लावणी, वसूल आणि बाकी यांचे मोडी कागद रुमालात बांधून तेथेच ठेवलेले असत.

त्याला पगार नव्हता. वतनी जमीन आणि गावाकडून मिळणारे हक्क हीच त्याची प्राप्ती. पगार ठराविक नव्हता, तशी कामाची वेळही ठराविक नव्हती. बाप लिहीत बसला की मुलगा शेजारी बसून मोडीचे वळण गिरवी. वतन पुढे त्याच्याकडेच यावयाचे होते. (आपल्यातील कित्येक कुलकर्णी-देशपांड्यांचे आडनाव एवढीच आता त्या वतनाची खूण.) घरातील स्त्रियांचा उल्लेख त्या कागदांत सहसा येत नाही, पण ओसरीवरचा राबता त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नसेल, असे मानणे कठीण आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. आपल्या जमिनीचा लेखी आधार पाहावयाचा तर निरक्षर कुणब्याला त्याच घराची पायरी चढावी लागे. देशावर हे घर बहुधा ब्राह्मणाचे. सार्वजनिक कागद एका कुटुंबाची मालमत्ता होऊन बसला. भाऊबंदांत वाटण्या झाल्या की कुलकर्णपणाच्याही पाळ्या लागत. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’त त्रिंबक नारायण आत्रे यांनी वतनदारांवर कठोर टीका केली, ती उगीच नव्हे. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने ही वतने नष्ट झाली. १ मे १९५१ पासून तो कायदा अमलात आला. काही गावी आधीच आलेला पगारी तलाठी मग सर्वत्र रूढ झाला. माझ्या मते दप्तर घराबाहेर निघाले, हा रयतेचा मोठाच लाभ होय.

घर आणि कचेरी पुन्हा एकत्र आली ती महामारीत. १९ मार्च २०२० रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने ‘ब’ आणि ‘क’ गटांतील निम्म्या कर्मचाऱ्यांना आळीपाळीने घरून काम करण्यास सांगितले. कुलकर्ण्याच्या घरी दप्तर होते आणि त्या दप्तरावर घराची सत्ता होती. आमच्या घरी आले ते केवळ काम. सत्ता जेथल्या तेथे राहिली. त्याच आदेशात कचेरीत येणाऱ्यांसाठी तीन वेळा नेमून दिल्या होत्या: ९ ते ५.३०, ९.३० ते ६ आणि १० ते ६.३०. घरी बसणाऱ्याने मात्र दूरध्वनीवर व इलेक्ट्रॉनिक साधनांवर सर्व वेळ उपलब्ध असावे, असे म्हटले होते. त्याची सुटी किती वाजता, ते त्यात लिहिलेले नाही.