आपत्तिनिवारण व अपंग व्यक्ती, जपानमधील
भूकंप, त्सुनामी, पूर इ. आपत्तींत अपंगांना वेळीच इशारा मिळावा, सुरक्षित स्थळी पोहोचता यावे व तेथे राहता यावे, यासाठी केलेली पूर्वव्यवस्था. जपानमध्ये तिचा विकास क्रमाक्रमाने आणि बहुधा मोठ्या आपत्तींनंतर झाला.

१९५९ मध्ये इसे उपसागराच्या परिसरात झालेल्या चक्री वादळात सु. पाच हजार माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यानंतर १९६१ मध्ये आपत्तिप्रतिकाराचा मूलभूत कायदा संमत झाला. तथापि इशारा ऐकणारा माणूस स्वतः बाहेर पडू शकतो, असे सर्वसाधारण व्यवस्थेत गृहीत असते. ध्वनिक्षेपकावरील सूचना बधिरास निरुपयोगी ठरते, तर जिन्यावरचा निवारा चाकांच्या खुर्चीतील व्यक्तीस दुर्गम असतो.

२००४ मधील नीगाता भागातील पुरात अनेक वृद्ध दगावले. त्यानंतर २००५ मध्ये, साहाय्याची गरज असणाऱ्यांच्या याद्या करण्याविषयी शासनाने मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा पूर्णतः अंमलात आला. परिणामी अनेक नगरपालिका संमतीवाचून नावे इतरांना देण्यास कचरू लागल्या. खाजगीपणा आणि जीवितरक्षण यांतील हा पेच पुढे महाग पडला. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या पाहण्यांत अपंगांमधील मृत्यूचे प्रमाण एकूण लोकसंख्येतील प्रमाणाच्या सु. दुप्पट आढळले.

२०१३ च्या दुरुस्तीने अशा याद्या ठेवणे नगरपालिकांवर बंधनकारक झाले. संबंधितांच्या संमतीने त्या अग्निशामक दल, पोलीस व स्थानिक कल्याण-स्वयंसेवक यांना आगाऊ देता येतात. प्रत्यक्ष आपत्तीत जीवितरक्षणासाठी संमतीची अट राहत नाही. मात्र केवळ यादीने कोणी सुरक्षित स्थळी पोहोचत नाही. कोणास कोणी व कोठे न्यावयाचे, हे ठरविणाऱ्या व्यक्तिगत योजना तयार करण्यासाठी नगरपालिकांनी प्रयत्नशील राहावे, अशी तरतूद २०२१ मध्ये झाली.

२०११ च्या आपत्तीची झळ लागलेल्या सेंदाई शहरी मार्च २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची जागतिक परिषद भरली. तिच्या २०१५–३० च्या आराखड्यात, योजना आखताना अपंगांचा सहभाग आवश्यक मानला आहे. भारतातही २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार, जिल्ह्यातील अपंगांची नोंद ठेवून त्यांना संभाव्य धोक्याची माहिती देण्याची जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर आहे. अशी नोंद मदतनीस, वाहन व सुगम निवारा यांच्याशी जोडलेली असावी लागते, हे जपानच्या अनुभवावरून दिसते.